धुरंधरांच्या घरचा धूर

धुरंधर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त टपालवाल्याच्या लक्षात होतं, आणि तोही पाकीट दोनदा उलटसुलट करून बघितल्याशिवाय ते त्यांच्या हातात देत नसे. बाकी साऱ्या गावाला ते धुरंधर. गावात हिवाळा लांबलचक, घराघरात लाकडावर चालणारी बिडाची शेगडी, आणि शेगडी म्हटली की कधी ना कधी धूर आलाच. धूर आला की लोक धुरंधरांना बोलावत.

ते येत, खांद्यावरची पिशवी खाली ठेवत आणि शेगडीपुढे उकिडवे बसत. घरमालक रोगाचं वर्णन सांगू लागला की हात वर करून त्याला थांबवत. "धूर कुठून येतो ते कुणीही सांगेल," ते म्हणत, "हवा कुठून येत नाही, ते बघायला मला बोलावलंय." शेगडी म्हणजे नाकातोंडाचं जनावर आहे, असं त्यांचं मत होतं. खालून श्वास घेते, वर धुरांड्यातून सोडते. घेतलाच नाही तर बिचारी सोडणार काय? हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत इतक्या वेळा ऐकवलं होतं की लहान मुलं त्यांच्या आधी ते पुरं करत.

मग गुडघे कुरकुरायला लागले. छपरांवर चढणं जमेना, म्हणजे त्यांच्या मते जमत होतं, लेकीच्या मते जमत नव्हतं. लेक शेजारच्या गावात राहायची. ती एक दिवस जावयाला घेऊन आली, बाबांची शिडी गाडीच्या टपावर बांधली आणि घेऊन गेली. कोणाला घड्याळ देऊन निवृत्त करतात, कोणाला शाल देऊन. धुरंधरांना शिडी नेऊन निवृत्त केलं.

निवृत्त माणूस घरात किती जागा व्यापतो याचा अंदाज त्यांच्या बायकोला नव्हता. तिला सारी गल्ली वहिनी म्हणायची, आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी इतकी वर्षं नवरा पाहिला तो सकाळी जाताना आणि संध्याकाळी काजळीने माखून येताना. दिवसाउजेडी, धुतलेल्या चेहऱ्याने घरभर फिरणारा हा गृहस्थ त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो डब्यांची झाकणं उघडून बघे. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घाली, ज्या करकरत नव्हत्या त्यांनासुद्धा. भाजी चिरताना पाठीशी उभा राहून, सुरी अशी धरली तर मनगट दुखणार नाही, असं सांगे. पंधरवडाभर वहिनींनी सोसलं. मग त्यांनी एक जुनं काम उकरून काढलं.

"दाराखालून वारा येतो," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या पायांना बर्फ लागतोय. दर हिवाळ्यात म्हणता, उद्या बघतो. आता तुमचा उद्या उजाडलाय."

धुरंधर खरोखर ओशाळले. लोकांच्या घरात ऊब करत हिंडलो आणि घरच्या माणसाचे पाय गार राहिले, हे काही त्यांना शोभण्यासारखं नव्हतं. त्यांनी पिशवी उघडली. धंदा बंद केला तेव्हा शेगडीच्या दाराला लावायच्या दोरीचं एक मोठं भेंडोळं शिल्लक राहिलं होतं. ही दोरी काचेच्या धाग्याची, पांढरी, करंगळीएवढी जाड. शेगडीच्या दाराच्या खाचेत ती बसवली की दार घट्ट मिटतं आणि कुठूनही हवा शिरत नाही. दुसऱ्या कोणी घरासाठी बाजारातून रबराच्या पट्ट्या आणल्या असत्या. धुरंधरांनी घराला शेगडीची दोरी लावली.

आणि काय लावली! आधी पुढचं दार, मग मागचं, मग एकूण एक खिडकी. चौकटीत खाच कोरायची, लुकण भरायचं, दोरी दाबून बसवायची. मग त्यांची परीक्षा ठरलेली होती. दाराच्या फटीत कागदाचा कपटा धरायचा, दार लावायचं आणि कपटा ओढायचा. सुटून आला तर नापास. फाटून आला तर पास. त्या घरातल्या प्रत्येक दाराखिडकीने कपटा फाडला. वहिनींनी अनवाणी पायांनी उंबऱ्याशी उभं राहून पाहिलं आणि आत जाऊन लोकरीचे मोजे पेटीत ठेवून दिले. त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी शेजारणीला ही बातमी दिली. नवऱ्याचं कौतुक त्या खिडकीतून बाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ.

ही गोष्ट थंडी पडायच्या आधीची. मग थंडी पडली, धुरंधरांनी शेगडी पेटवली आणि खोलीत धूर झाला.

पहिल्या दिवशी ते हसले. सर्दी झालेल्या डॉक्टरकडे बघून लोक हसतात तसे स्वतःकडे बघून. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. आठवडाभरात वहिनींचे डोळे लाल झाले, दुपारनंतर डोकं जड व्हायला लागलं. शेगडीच्या धुराने डोकं जड होणं ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हे, हे धुरंधर जन्मभर लोकांना बजावत आले होते. तेव्हा संध्याकाळ झाली की ते विस्तव विझवून टाकत आणि दोघं अंगावर पांघरुणं घेऊन बसत. रविवारी लेक आली. दारातच खोकली, आईचे डोळे पाहिले, बाबांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन फोन लावला. परत आली ती निर्णय घेऊनच. शनिवारी वायरमन विजेचा हीटर बसवायला येणार, जाताना शेगडी भंगारात घेऊन जाणार आणि धुरांड्याचं भोक सिमेंटने बुजवणार.

"बाबा, रागावू नका," ती म्हणाली. "पण आईचं डोकं दुखतं."

धुरंधरांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मला शेगडी नको असं नाही. मला धूर नको. शनिवारपर्यंत थांबला तर राहू दे तिला."

ती शेगडी म्हणजे धुरंधरांच्या धंद्याचा श्रीगणेशा. लग्नाच्या आधी, हातात हुन्नर होता पण कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा कोणीतरी फेकून दिलेली ही शेगडी त्यांनी ढकलगाडीवर घालून आणली होती. तडकलेल्या झाकणाला तांब्याची पट्टी मारली, आतल्या विटा बदलल्या, आणि ती अशी पेटली की बघायला आलेल्यांनीच त्यांना पुढची कामं दिली. आता गावाच्या शेगड्या सुधारणाऱ्याची शेगडी धूर करते म्हणून भंगारात जाणार. आणि ज्याच्या घरची शेगडी गेली, त्याला धुरंधर म्हणणार कोण? परत आपलं जुनं नाव लावायची वेळ आली तर हाक मारल्यावर वळून तरी बघू का, याचीही त्यांना खात्री नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी लाकडं तपासली. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. टण्ण वाजल्या तर सुक्या, थप्प वाजल्या तर ओल्या. सगळ्या टण्ण वाजल्या. तरी त्यांनी सगळा ढीग उपसला, मागच्या पडवीतून जुनं, दोन उन्हाळे खाल्लेलं सरपण आणलं, राखेचा कप्पा रिकामा केला, जाळी घासली. हे सगळं अंगणात चाललं होतं, आणि आत शेगडी झकास जळत होती. जेवायला आत आले तेव्हा खोली ऊबदार, ज्वाळा सरळ. ते मिशीत हसले. जेवण झालं, भांडी झाली, आणि दुपारी शेगडीच्या दाराच्या कडेने निळसर धूर हळूच बाहेर डोकावला.

मंगळवारी धुरांडं. त्यासाठी शिडी हवी. ती त्यांनी पत्रेवाल्याकडून मागून आणली. पत्रेवाला त्यांचा जुना सोबती, नळकांडी आणि धुरांडी घडवणारा, जिभेला मात्र त्याने कधी कानस लावली नव्हती. "तुझी शिडी कुठंय?" त्याने विचारलं. "लेकीकडे." "आणि वर चढायला मनाई कोणाची?" "लेकीचीच." "मग गुडघे तुझे की तिचे?" असं म्हणून त्याने शिडी दिली, वर स्वतः येऊन ती धरलीही. बैठं घर, फार उंच नव्हतं. धुरंधरांनी वरून ब्रश घातला, खालपर्यंत ओढला. आत पाखराचं घरटं निघेल अशी त्यांची फार आशा होती. रोग बाहेरचा निघाला की वैद्याची अब्रू राहते. घरटं नव्हतं. काजळीसुद्धा मूठभर. साफसफाई झाल्यावर वहिनींनी शेगडी पेटवली, ते छपरावरून उतरेपर्यंत ती उत्तम जळत होती, वरून गरम धूर नीट फणफणत निघत होता, पत्रेवाल्यानेही पाहिला. दुपारी पुन्हा धूर खोलीत.

बुधवारी त्यांनी धुरांड्याची उंची वाढवली. पलीकडच्या घराने माडी चढवली होती, तिच्यावरून वारा उलटा येऊन धूर खाली दाबत असेल, असा तर्क. पत्रेवाल्याने नळकांड्याचा एक तुकडा दिला, टोपी नवी बसवली. सकाळभर शेगडी अशी जळली की पत्रेवाला तिच्यावर हात शेकून गेला. दुपारी धूर. गुरुवारी धुरांड्यातली झडप काढून, घासून परत बसवली, ती शेवटपर्यंत उघडते की नाही ते आरशाने पाहिलं. शेगडीच्या दाराची दोरी बदलली. कपट्याची परीक्षा घेतली, कपटा फाटला. थंड पडलेलं धुरांडं ओढ घेत नाही म्हणून कागदाची गुंडाळी पेटवून आधी ते तापवलं. सकाळी छान. दुपारी तेच.

"एक सांगू का?" गुरुवारी संध्याकाळी पांघरुणातून वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घराबाहेर असलात की ती बरी जळते."

धुरंधरांना हे लागलं. ते मनात म्हणाले, झालं, आता शेगडीही बायकोच्या बाजूची.

शुक्रवारी ते कुठेच गेले नाहीत. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेगडीपुढे बुटकं स्टूल घेऊन ते बसले, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. विस्तव धुमसत होता. डोळ्यांना पाणी येत होतं, ते धुराचं म्हणता येत होतं ही त्यातल्या त्यात सोय.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यामध्ये नुसती चौकट होती, दार नव्हतं, तेव्हा तिथलं सगळं इथे ऐकू यायचं. रोज सकाळी, घरातलं आवरलं की त्या स्वयंपाकघराची खिडकी उघडत, पलीकडून शेजारीण उघडे, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत दोघींचं जगाचं कामकाज चाले. धुरंधरांना हे माहीत होतं, पण त्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. इतकी वर्षं ते या वेळेला लोकांच्या घरी असत, आणि या आठवड्यात अंगणात, छपरावर नाहीतर शेगडीत डोकं घालून.

त्या दिवशीचा विषय पातेलं हा होता. वहिनींनी शेजारणीला पातेलं दिलं होतं झाकणासकट, परत आलं होतं झाकणाशिवाय. शेजारणीचं म्हणणं, झाकण मुळात नव्हतंच. वहिनींचं म्हणणं, झाकण नव्हतं तर मग आजवर काय मी त्यावर ताट ठेवून भात शिजवला का. वाद चढत गेला. धुरंधर ऐकत नव्हते, पण समोर बघत होते. समोर शेगडीत मघाचा धुमसता ओंडका उजळला होता. ज्वाळा सरळ वर ओढल्या जात होत्या, धुरांड्यात हुं हुं असा जुना, ओळखीचा आवाज येत होता.

"माझं झाकण तुम्हालाच लखलाभ," असं म्हणून वहिनींनी खिडकी धाडकन लावली.

ज्वाळा वाकली. आधी पिवळी, मग तांबूस, मग तिने मान टाकली. दाराच्या कडेने धुराची एक बट बाहेर आली.

धुरंधर स्टुलावर पुढे सरकले.

तेवढ्यात वहिनींना एक राहिलेलं उत्तर आठवलं. वादातली चांगली उत्तरं खिडकी लावल्यावरच सुचतात. त्यांनी खिडकी पुन्हा उघडली. "आणि मागच्या वर्षीची चाळणी?" ज्वाळा ताठ उभी राहिली. शेजारीण म्हणाली, चाळणीचं आता काढू नका. वहिनींनी खिडकी लावली. ज्वाळा बसली. मग शेजारणीने काचेवर टकटक केलं, वहिनींनी उघडली, ज्वाळा उठली. अशा रीतीने त्या दोघींनी धुरंधरांना आख्खा प्रयोग करून दाखवला, एकदा नव्हे, खात्री पटेपर्यंत.

हवा कुठून येत नाही, ते बघायला मला बोलावलंय. हे वाक्य त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं.

त्यांनी वळून पुढच्या दाराकडे पाहिलं. चौकटीत पांढरी दोरी, सुबक, एकही सुरकुती नाही. मग खिडक्यांकडे पाहिलं. आयुष्यात केलेलं सगळ्यात सफाईदार काम. शेगडीच्या दाराची दोरी लावून त्यांनी सगळ्या घराचीच एक मोठी शेगडी केली होती, आणि तिचं श्वास घ्यायचं भोक ठेवायलाच विसरले होते. पूर्वी दाराखालच्या फटीतून येणारा वारा वहिनींच्या पायांना लागून पुढे शेगडीत जात असे. तो त्यांनी अडवला. सकाळी खिडकी उघडी असेपर्यंत शेगडी जगायची, खिडकी लागली की गुदमरायची. ते छपरावर जाऊन तिचं नाक साफ करत बसले होते आणि गळ्यावर हात त्यांचाच होता.

मग उठले, पिशवीतला चाकू काढला आणि दाराशी जाऊन गुडघे टेकले. दोरीचं एक टोक सोडवलं असेल नसेल, मागे वहिनी उभ्या.

"सापडलं?"

"सापडलं."

"काय झालं होतं?"

"दम कोंडला होता तिचा."

"कोणी कोंडला?"

धुरंधरांनी हातातलं दोरीचं टोक वर धरलं. वहिनी त्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजायला क्षणभर लागला, आणि समजल्यावर हसू आलं, पण ते त्यांनी आतल्या आत ठेवलं. गुडघे कुरकुरत असताना हाच माणूस कितीतरी दिवस या उंबऱ्याशी वाकून खाच कोरत होता, हेही त्यांनी पाहिलेलं होतं.

"ती दोरी आहे तिथे बसवा," त्या म्हणाल्या. "पाय माझे आहेत. तिला हवा दुसरीकडून द्या."

धुरंधर गुडघ्यांवरच वळले. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून होती. भिंतीतून एक नळी, थेट राखेच्या कप्प्याखालच्या हवेच्या तोंडाशी. वारा बाहेरून आत येईल तो सरळ शेगडीत जाईल, खोलीत पाऊल टाकणार नाही. इतकं सोपं होतं की त्यांना पुन्हा एकदा स्वतःचा राग आला.

नळीसाठी पत्रेवाल्याला सांगणं भाग होतं, आणि पत्रेवाल्याला सांगणं म्हणजे बाजारात दवंडी देणं. पण शनिवार उद्यावर आला होता. पत्रेवाल्याने सगळं ऐकून घेतलं, चेहरा मोठ्या कष्टाने सरळ ठेवला आणि नळीचं माप विचारलं. भिंतीला भोक पाडताना मात्र त्याला राहवलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "याने नुसता दरवाजा बंद केला, हे नशीब समजा. याचं एकदा काम सुरू झालं की हा धुरांड्यालाही दोरी लावून ठेवेल."

"हसा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "पण पाय गरम झाले ना माझे. तुमच्या बायकोला विचारा, तिचे कसे आहेत."

पत्रेवाला नळीच्या बाहेरच्या तोंडाला, उंदीर शिरू नये म्हणून, तारेची जाळी फार मन लावून बसवू लागला.

शनिवारी लेक आली, मागोमाग वायरमन, हीटरचं खोकं आणि सिमेंटची छोटी पिशवी घेऊन. शेगडी पेटलेली होती. लेकीने आधी हवा हुंगली. मग सगळ्या खिडक्या स्वतः तपासल्या, स्वयंपाकघराची किंचित उघडी होती ती दाबून लावली, दाराची कडी घातली आणि खुर्ची ओढून बसली. बापाचीच लेक ती, परीक्षा घेतल्याशिवाय थोडीच सोडणार. वहिनींनी चहा केला. वायरमनचे हात गारठले होते, तो कप घेऊन हळूहळू शेगडीकडे सरकला. चहा झाला, दुसरा झाला. लेकीने सासूच्या तब्येतीपासून रस्त्याच्या खड्ड्यांपर्यंत सगळं सांगून संपवलं, आणि मध्येमध्ये शेगडीच्या दाराकडे बघत राहिली. शेगडी हुं हुं करत होती.

"काय झालं होतं हिला?" शेवटी तिने विचारलं.

धुरंधरांनी घसा साफ केला. पण वहिनी आधी बोलल्या. "दम कोंडला होता. तुझ्या बाबांनी बरोबर शोधलं."

कोणी कोंडला, ते लेकीने विचारलं नाही आणि वहिनींनी सांगितलं नाही. बाजाराला ते कालच कळलं होतं, लेकीला यथावकाश कळलंच असतं. धुरंधरांनी रिकामा कप उचलून स्वतः विसळला, ही त्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

"काका, मग भोक बुजवायचं नाही ना?" वायरमनने विचारलं. त्याला शेगडीजवळून उठायचं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

"नाही," लेक म्हणाली. "हीटर गाडीत ठेवा. माझ्या न्हाणीघरात बसवू." मग बापाकडे न बघता, "आणि पत्रेवाल्या काकांची शिडी अंगणात कशाला आहे, ते मी विचारत नाहीये."

ती दोघं गेल्यावर घर निवांत झालं. वहिनी शेगडीपाशी आल्या, वाकल्या आणि नळी जिथे भिंतीतून येऊन कप्प्याखाली शिरत होती तिथल्या जोडाशी त्यांनी तळहात धरला. नळीच्या पत्र्याला हिवाळा लागलेला होता.

"हा तोच ना?" त्यांनी विचारलं. "माझ्या पायांशी यायचा तो?"

"तोच."

"बरं झालं कामाला लागला. रिकामा घरभर हिंडायचा म्हणून बोचत होता."

त्या वेळी धुरंधर तेलाची कुपी हातात घेऊन कपाटाच्या बिजागरीकडे निघाले होते. ते थांबले. कुपी फळीवर ठेवली, स्टूल ओढलं आणि ओंडके लहानमोठे निवडून वेगवेगळे रचायला बसले.

स्वयंपाकघराच्या काचेवर टकटक झालं. वहिनींनी जाऊन खिडकी उघडली. पलीकडे शेजारीण उभी, हातात झाकण. फडताळाच्या मागे पडलं होतं म्हणाली, आणि चाळणीबद्दल तिला आता काहीतरी आठवत होतं. खिडकी सताड उघडी राहिली, पुष्कळ वेळ. धुरंधरांनी सवयीने शेगडीकडे पाहिलं. ज्वाळा होती तशीच जळत होती. तिला आता त्या दोघींच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं.